ताईचा अ‍ॅटिट्यूड

तुमच्यात अ‍ॅटिट्यूड आहे का?

घाईनं उत्तर देऊ नका, कारण या एका उत्तरावर चाकणमध्ये माणसाची नोकरी ठरते. तुम्ही पिंपळे सौदागरच्या एखाद्या सोसायटीत राहत असाल, पाठीला लॅपटॉपची बॅग असेल, तर तुम्ही म्हणाल, आहे की, पॉझिटिव्ह आहे. तुम्ही आमच्या काळेवाडीच्या गल्लीत राहत असाल तर म्हणाल, छे हो, मी तसली नाही. दोघांचंही उत्तर बरोबर आहे. नोकरी मात्र पहिल्यालाच मिळते.

आमच्याकडे अ‍ॅटिट्यूड म्हणजे माज. गल्लीतली पोरं मोबाइलवर ‘अ‍ॅटिट्यूड स्टेटस’ ठेवतात, त्यात गॉगल असतो, बुलेट असते आणि आपण कुणाच्या बापाला घाबरत नाही असा मजकूर असतो. मुलगी बघायला आलेले लोक जाताना शेजारणीला हळूच विचारतात, “पोरीला अ‍ॅटिट्यूड तर नाही ना?” शेजारीण म्हणते, “नाही हो, फार गरीब स्वभावाची.” इथं हा शब्द इंग्रजी राहिलेलाच नाही. तो आमच्यात आला, त्यानं आमचे कपडे घातले आणि त्याचा अर्थ आम्ही आमच्या अनुभवावरून ठरवला. ही काही चूक नाही. सगळ्या भाषा असंच करतात.

माझी सख्खी ताई याच शब्दावरून पडली. कामावरून नाही, हातावरून नाही, हजेरीवरून नाही. एका शब्दावरून.

आमचे पप्पा धाराशिवकडून पिंपरीला आले आणि एका कारखान्यात प्रेस मशीनवर लागले. युनियनची पत्रकं गेटवर वाटायचं काम त्यांच्याकडे असायचं. कारखाना बंद पडला, युनियनही पांगली, पण पत्रकांचे गठ्ठे आमच्या पोटमाळ्यावर राहिले. आमच्या वह्यापुस्तकांना त्यांचीच कव्हरं असत. मी जोडाक्षरं शिकले ती ‘व्यवस्थापन’ आणि ‘विश्वासघात’ या शब्दांवरून. ताई मोठी, ती मला वाचून दाखवायची आणि मध्येच थांबून विचारायची, “पप्पा, सगळीकडे ‘कामगार बंधूंनो’च का? बायका काय पिकनिकला येतात का कंपनीत?” पप्पा हसायचे. पुढच्या पत्रकात त्यांनी भांडून ‘भगिनींनो’ घालून घेतलं होतं, असं ते अजून सांगतात. ताई म्हणते, थापा मारतात.

पत्रकाबद्दल पप्पांचा एकच नियम होता. वाचणाऱ्याला शब्द अडला तर चूक लिहिणाऱ्याची. गेटवर सुटलेल्या माणसाला बस पकडायची असते, त्याच्याकडे शब्दकोश नसतो. अडखळला की तो कागदाची घडी करून त्यावर भजी खातो, आणि तो बरोबरच करतो.

ताईनं आयटीआय केलं आणि चाकणच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागली. तिथं गाड्यांत बसवायच्या वायरींचे जुडगे बांधतात. भल्यामोठ्या बोर्डावर खिळ्यांच्या वाटेनं वायरी टाकायच्या, टेप गुंडाळायची, कनेक्टर बसवायचे. बोर्ड सरकत राहतो, त्याच्यासोबत बाई सरकते. ट्रेनी म्हणजे शिकणारी, असं मला वाटायचं. चाकणमध्ये ट्रेनी म्हणजे कामगाराचं सगळं काम करणारी, पण कागदावर कामगार नसलेली बाई. मुदत संपली की ब्रेक देतात. ब्रेक म्हणजे विश्रांती नव्हे. काही दिवस घरी बसवायचं, मग दुसऱ्या योजनेखाली, दुसऱ्या रंगाच्या ओळखपत्रावर, पुन्हा त्याच बोर्डासमोर उभं करायचं. ताईचं ओळखपत्र निळं झालं, पिवळं झालं, शेवटी हिरवं झालं. तिनं शिकवलेल्या मुली ट्रेनी आणि शिकवणारीही ट्रेनी.

हिरव्यानंतर रंग उरला नव्हता. वयाची अट ओलांडली जाणार होती. तेवढ्यात नोटीस लागली की ट्रेनींमधून थोड्या जणांना कायम करणार, त्यासाठी मुलाखत होणार. म्हणजे एक तर पर्मनंट, नाहीतर गेटच्या बाहेर. तिसरी वाट नव्हती.

“पर्मनंट झाले की पहिलं काय करणार?” मी तिला विचारलं होतं.

“आजारी पडणार,” ताई म्हणाली. “पगारी. एक अख्खा दिवस नुसती लोळणार, आणि कुणी विचारलं तर सांगणार, रजा आहे माझी.”

आई म्हणाली, “शुभ बोल की जरा.”

“हेच शुभ आहे, आई.”

आता अ‍ॅटिट्यूडचं सांगते. ताईच्या शेजारच्या जागेवर एक बाई होती, लातूरकडची, दिवस गेलेली. लाइन सोडून बाथरूमला जायचं तर जागेवर दुसरी बाई उभी करावी लागते, तिला रिलीव्हर म्हणतात. त्या बाईनं रिलीव्हर मागितला. मिळाला नाही. थोड्या वेळानं पुन्हा मागितला, तेव्हा सुपरवायझर म्हणाला, “थांबा जरा, टार्गेट मागं हाय.” ती बाई ओठ दाबून वायरी ओढत राहिली. ताईनं हातातली टेप खाली ठेवली आणि सगळ्या लाइनला ऐकू जाईल असं म्हणाली, “सर, तिला जाऊ द्या. नाहीतर तुम्ही उभे राहा तिच्या जागेवर. जमेल तुम्हाला, सोपं आहे.”

लाइनवर हशा पिकला. सुपरवायझर खेडकडचा, जुन्या शेतकरी घरातला. वाईट माणूस नाही, पण बायका आपल्याला हसल्या हे त्याला झोंबलं. तो म्हणाला, “तुला लई अ‍ॅटिट्यूड आलाय.” बाईला रिलीव्हर मिळाला आणि ताईला नाव मिळालं. कंपनीच्या बसमध्ये तिला अ‍ॅटिट्यूड मॅडम म्हणू लागले. “सरका गं, अ‍ॅटिट्यूड मॅडमला खिडकी द्या.” ताईही नाक उडवून खिडकीत बसायची.

हा शब्द त्या लाइनवर काय काम करतो ते यावरून कळावं. माणूस तोंड उघडतो तेव्हा त्याच्या तोंडावर मारायचा हा शब्द आहे. ओव्हरटाइमला नाही म्हणालं की अ‍ॅटिट्यूड. कॅन्टीनच्या डाळीत काय निघालं ते दाखवलं की अ‍ॅटिट्यूड. जेवढं सहन कराल तेवढा तुमच्यात अ‍ॅटिट्यूड नाही. हे ताईला कुणी वर्गात शिकवलं नाही, कंपनीनंच शिकवलं, रोज, पाळीपाळीनं.

मुलाखतीच्या आधी सगळ्यांनी तिला एकच सल्ला दिला. त्याच सुपरवायझरनं तिला बाजूला घेतलं. “तुझं काम कुणी न्हाई म्हणत न्हाई. मी नाव पुढं दिलंय तुझं. पण तिथं वरची माणसं असत्यात. तिथं अ‍ॅटिट्यूड दाखवू नको, एवढं ऐक माझं.” मनापासून सांगितलं त्यानं. बसमधल्या बायका म्हणाल्या, “उद्या अ‍ॅटिट्यूड घरी खुंटीला टांगून ये गं बाई.” आईनं तर निघताना दारात सांगितलं, “मान खाली घालून बोल. तुझ्या जिभेला हाड नाही.”

“कुणाच्याच नसतं, आई.”

“बघ, हेच.”

ताई गेली. संध्याकाळी आली ती खुशीत. हातपाय धुऊन बसली आणि ताटावरच सगळं सांगायला लागली. तिला नकला छान येतात, त्यामुळे मी ती मुलाखत बघितलीच म्हणा.

टेबलामागं तिघं होते. मध्ये एचआरच्या मॅडम, एका बाजूला प्लांटचे साहेब, दुसऱ्या बाजूला बाहेरून बोलावलेले एक कन्सल्टंट, ते हिंदी-इंग्रजीत बोलणारे. कामाचं आधी विचारलं, ते साहेबांनी विचारलं, अर्धं मराठीत. कनेक्टर उलटा बसला तर काय करशील, दोन वायरींचे रंग सारखे दिसले तर काय करशील. ते ठीक गेलं. मग मॅडमनी सूत्रं घेतली आणि इंग्रजी सुरू झालं. टीम प्लेअर आहेस का. फ्लेक्सिबल आहेस का. ताईला फ्लेक्सिबल चांगलं ठाऊक आहे. ऐन सुटायच्या वेळी ‘आज सेकंड शिफ्टला थांबा’ म्हणतात आणि बस निघून जाते, त्याला फ्लेक्सिबल म्हणतात. ती म्हणाली, “आहे मॅडम, पहिल्यापासून आहे.”

मध्येच चहा आला. मॅडम चहावाल्याला म्हणाल्या, “माझ्यात साखर कमी.” मराठीत म्हणाल्या.

हे ताईनं सहज सांगितलं, पण माझा घास तिथंच थांबला. म्हणजे त्यांना मराठी येत होतं. चहासाठी होतं. ताईसाठी नव्हतं.

मग कन्सल्टंट खुर्चीत मागं रेलले आणि त्यांनी त्यांचं ठेवणीतलं वाक्य काढलं. स्किल तो हम सिखा देंगे. आम्ही स्किल बघून माणूस घेतच नाही, आम्ही अ‍ॅटिट्यूड बघतो. तर सांगा, तुमच्या अ‍ॅटिट्यूडबद्दल काय सांगाल?

ताईला वाटलं, आला. ज्याची सगळ्यांनी भीती घातली होती तो प्रश्न आला. तक्रार वरपर्यंत पोचलेली दिसते. तिनं मान खाली घातली, आईनं सांगितल्यासारखी, आणि शक्य तेवढ्या नम्रपणे म्हणाली, “सर, माझ्यात अ‍ॅटिट्यूड अजिबात नाही. पूर्वी थोडा होता, खरं सांगते. पण आता पूर्ण सोडलाय. सुपरवायझर सरांना विचारा हवं तर.”

तिघंही हसले. कन्सल्टंट इतके हसले की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. प्लांटचे साहेब खाली बघून हसले. मॅडम म्हणाल्या, “ओके, ओके, थँक यू.”

“एकदम मोकळं वातावरण होतं,” ताई भाकरी मोडत म्हणाली. “बाकीच्या मुलींना असं हसतखेळत नव्हतं म्हणे. मला वाटतं, होईल.”

पप्पा माझ्याकडे बघत होते. त्यांना अर्थ माहीत नव्हता, पण माझं तोंड त्यांना वाचता येतं. “काय झालं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ माज नाही, कामाकडे बघायची वृत्ती असा काहीसा आहे, चांगली किंवा वाईट. त्यांनी विचारलं की तुझी वृत्ती कशी आहे.

ताईनं मोडलेली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाली, “म्हणजे मी त्यांना सांगितलं की माझ्यात काहीच नाही. आणि होतं तेही सोडलंय.”

“तसं नाही गं.”

“तसंच आहे. म्हणून हसले.” तिनं ताट सरकवलं. “आणि मी पण हसले त्यांच्याबरोबर. वाटलं, आपलंच काहीतरी आवडलं यांना.”

पप्पा म्हणाले, “प्रश्न नीट विचारला नाही, तर चूक विचारणाऱ्याची.”

“पप्पा, तुमचं ते पत्रकाचं राहू द्या आता,” ताई म्हणाली. माझ्या आठवणीत पप्पांना असं तोडून ती पहिल्यांदाच बोलली.

मला त्या हसण्याचा राग आजही येतो, आणि तो शांत व्हावा असं मला वाटत नाही. त्या खोलीत तीन शिकलेली माणसं होती. एकीची मातृभाषा मराठी. साहेब सकाळ-संध्याकाळ त्याच लाइनवर फिरणारे, अ‍ॅटिट्यूड हा शब्द तिथं कसा फेकून मारतात हे त्यांनी शंभरदा ऐकलेलं. त्यांपैकी एकानं, फक्त एकानं, म्हणायचं होतं, “अगं, तसं नाही. तू कामाकडे कशी बघतेस ते सांग.” एवढं एक वाक्य. ताईनं मग सांगितलं असतं, आणि ती थांबली नसती, त्यांनाच तिला थांबवावं लागलं असतं. पण त्यांनी ते वाक्य म्हटलं नाही, कारण विनोद झाला होता, आणि विनोद मोडायचा कुणाला. वर तोंडानं पुन्हा हेच की आम्हाला कम्युनिकेशन हवं. दोघं बोलत असतात आणि एकाला दुसऱ्याचं कळत नाही, तेव्हा कम्युनिकेशन नेमकं कुणाचं कमी पडतं? टेबलाच्या ज्या बाजूला पगार जास्त त्या बाजूचं कधीच कमी पडत नाही, असा काही नियम आहे का?

मी चिंचवडला एका छपाईच्या दुकानात डीटीपी करते. निकाल लागायच्या आधी आमच्याकडे रोजगार मेळाव्याच्या फ्लेक्सचं काम आलं. ‘उद्योगांना हवेत कुशल हात’, ‘नोकऱ्या आहेत, उमेदवार नाहीत’, आणि खाली हसऱ्या मुलामुलींचा इंटरनेटवरून उचललेला फोटो, त्यातलं एकही तोंड आपल्याकडचं नाही. मी ते अक्षर अक्षर लावलं. दुकानाचे मालक मागं येऊन म्हणाले, “‘उमेदवार नाहीत’ जरा मोठं कर, लाल कर.” मी मोठं केलं, लाल केलं. पोट आहे, आणि मालक माणूस चांगला आहे. पण लावताना मला एकेक मुलगी आठवत होती, जी ताईबरोबर बसनं जाते, जिच्या बोटांना टेपचा चिकटा घरी आल्यावरही सुटत नाही, आणि जी उमेदवार नाही असं आता रस्त्याच्या वर, दिव्याच्या खांबावर, तिच्याच बसला दिसेल असं टांगलं जाणार होतं.

कौशल्य नाही, असं बोलायची या पट्ट्यात एक रीत पडली आहे. कारखानदार बोलतो, मेळाव्यातला पाहुणा बोलतो, कॉलेजचा प्राचार्य बोलतो, आणि आता तर मुलंसुद्धा स्वतःबद्दल बोलतात. “आपल्यात स्किल नाही ना राव.” मी विचारते, कुठलं नाही? तर सांगता येत नाही. नाही एवढंच पाठ आहे. जी गोष्ट कुणी स्वच्छ सांगितलीच नाही, ती आपल्यात नाही हे मात्र सगळ्यांना पटलंय. याहून सोयीचं काही असू शकतं का? कामगारानं रिलीव्हर मागितला की त्याच्यात फाजील अ‍ॅटिट्यूड. कायम करायची वेळ आली की तोच अ‍ॅटिट्यूड कमी.

यादी लागली. ताईचं नाव नव्हतं. ज्यांची नावं होती त्यांच्याबद्दल ताई एक अक्षर वावगं बोलली नाही, आणि मीही बोलणार नाही. त्याही बोर्डासमोरच उभ्या राहिलेल्या मुली आहेत.

मुदतीचा शेवट आला तेव्हा ओळखपत्र आणि बूट परत करायला ती गेली, आणि मी सोबत गेले. तळेगाव चौकातली कोंडी पार करून आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. गेटवरच्या सिक्युरिटीच्या बाईनं ताईला ओळखलं. “आत जा, पण कार्ड चालायचं नाही आता. नाव लिहा व्हिजिटरमध्ये.” ताईनं आपल्याच कंपनीत पाहुणी म्हणून नाव लिहिलं.

बूट ठेवले, ओळखपत्र ठेवलं, सही झाली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “झालं तुमचं.” ताई उठली नाही.

“अजून काही?”

“मला का घेतलं नाही, त्याचं कारण पाहिजे होतं.”

“तसं नसतं देत, ताई. ते कॉन्फिडेन्शियल असतं.”

“माझंच आहे ना पण ते? माझ्यापासून कॉन्फिडेन्शियल?”

मुलगा गोंधळला आणि आत गेला. बऱ्याच वेळानं एचआरच्या मॅडम स्वतः आल्या. उभ्याउभ्याच बोलल्या, पण मराठीत बोलल्या, आता नोकरी नाकारून झाली होती.

“हे बघ, तुझं टेक्निकल चांगलं होतं. सुपरवायझरचा रिमार्कही चांगला होता. पण पॅनेलला अ‍ॅटिट्यूड कमी वाटला. मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या ठिकाणी तयारी करून जा.”

ताई म्हणाली, “मॅडम, खाली लाइनवर मला अ‍ॅटिट्यूड जास्त आहे असं ऐकवतात. वर तुम्ही म्हणता कमी आहे. तुम्ही वरचे आणि खालचे एकदा बसून ठरवा, किती पाहिजे ते. तेवढाच घेऊन येते.”

सिक्युरिटीची बाई दारात उभी होती, तिनं रुमालानं तोंड पुसल्यासारखं केलं. मॅडमचा चेहरा बदलला.

“बघ, हाच प्रॉब्लेम आहे तुझा.”

“आता जास्त झाला का?” ताईनं विचारलं. आवाज चढवला नाही तिनं. खरंच विचारत असल्यासारखं विचारलं.

मॅडम वळल्या. ताई म्हणाली, “तेवढं लिहून द्या मग. एक ओळ. अ‍ॅटिट्यूड कमी म्हणून घेतलं नाही. फक्त मराठीत द्या, घरी आईला वाचून दाखवायचंय.”

का कुणास ठाऊक, मॅडम थांबल्या. कदाचित ‘आई’ या शब्दानं थांबल्या असतील. म्हणाल्या, “मराठीत म्हणजे... त्याला मराठीत आपण...” आणि त्या खरोखर शब्द शोधायला लागल्या. वृत्ती म्हणाल्या. मग स्वतःच मान हलवली, वृत्ती कमी असं कसं म्हणणार. दृष्टिकोन म्हणाल्या. तेही पुढं गेलं नाही. आम्ही दोघी वाट बघत होतो. मी त्यांना मदत केली नाही. त्या शब्दावर त्यांनी एका बाईची नोकरी नाकारली होती आणि तो शब्द त्यांच्या स्वतःच्या आईच्या भाषेत त्यांना सांगता येत नव्हता. मग त्यांनी घड्याळाकडे बघितलं. “असं लिहून द्यायची पॉलिसी नाही आमची,” म्हणाल्या, आणि गेल्या.

परतीच्या बसमध्ये ताई म्हणाली, “त्यांना सांगताच आलं नाही गं. म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं, माझ्यात काय कमी आहे ते.”

“नव्हतंच.”

“मग मी कशाला रडत होते इतके दिवस?” तिनं खिडकीकडे तोंड केलं. ती रडत होती हे मला तोवर माहीत नव्हतं. एकाच खोलीत झोपतो आम्ही.

ही हकिगत मला गोड करून संपवता येणार नाही. ताई पर्मनंट झाली नाही. सध्या ती भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये रोजावर जाते, आणि पुढच्या आठवड्यात महाळुंग्याला एका कंपनीत तिची मुलाखत आहे. आई म्हणते, या वेळी उत्तरं पाठ कर. गल्लीतला एक कॉलेजचा मुलगा तिला ‘आय हॅव पॉझिटिव्ह अ‍ॅटिट्यूड’ घोकून घे म्हणाला. ताईनं त्याला विचारलं, “म्हणजे काय रे?” तो म्हणाला, “ते नसतंय विचारायचं ताई, नुसतं म्हणायचं.” ताई पाठ करणार नाही म्हणते. मला वाटतं तिनं करू नये, आणि त्याच वेळी रात्रंदिवस ही धास्तीही वाटते की नाही केलं तर पुन्हा तेच होईल. तिला काम हवंय. कायमचं, रजेचं, आजारी पडता येईल असं काम.

म्हणून मी हे तुमच्यासाठी लिहिलं. चाकणपासून हिंजवडीपर्यंत रोज कुठं ना कुठं टेबलाच्या पलीकडे कुणीतरी बसतं, आणि तो माणूस तुमच्या ओळखीचा असतो. तुमचा भाऊ असेल, वहिनी असेल, सोसायटीतला शेजारी असेल, तुम्ही स्वतः असाल. त्या माणसाला आजच गाठा आणि त्याच्याकडून तीन गोष्टी कबूल करून घ्या. समोरच्याला कळेल अशा भाषेत प्रश्न विचारायचा, आणि उत्तर विचित्र आलं तर हसण्याआधी तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत एकदा विचारायचा. आणि नकार द्यायचा झाला तर कारणाची एक ओळ, साध्या मराठीत, सही करून त्या उमेदवाराच्या हातात द्यायची. ती ओळ लिहिता येत नसेल, तर अजून नकार द्यायची वेळ झालेली नाही, पुन्हा बोलवायचं. तुम्ही उमेदवार असाल, तर ती ओळ मागितल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. महाळुंग्याची मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. त्याआधी बोला.